रंगमंचावरचं लाइव्ह मोशन कॅप्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलाकाराच्या हालचालीवरून त्याच क्षणी प्रोजेक्शन, प्रकाश किंवा ध्वनी बदलायचा असेल, तर काय वापरावं, कसं बसवावं आणि ते कुठे फसतं, याची ही उत्तरं आहेत. डोळ्यांसमोर धरलंय ते नेहमीचं बंदिस्त नाट्यगृह: सुमारे ८ मीटर रुंद, ६ मीटर खोल खेळाची जागा, मागे सायक्लोरामा (मागची भिंत झाकणारा मोठा सपाट पडदा), वर दिवे टांगायचे बार आणि हातात मोजकी माणसं.

सिनेमातलं मोशन कॅप्चर आणि हे, यात फरक काय?

सिनेमात आधी हालचाल नोंदवतात, मग बसून हातानं साफ करतात. बिघडलेली फ्रेम दुरुस्त होते, नाहीतर पुन्हा टेक घेता येतो. रंगमंचावर सेन्सरकडून आलेला आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात वापरून संपलेला असतो. त्यामुळे इथे अचूकतेपेक्षा सातत्य महत्त्वाचं. दोन सेंटिमीटर चुकणारी पण कधीच न तुटणारी व्यवस्था घ्या. मिलिमीटरला अचूक असणारी, पण कलाकार पाठमोरा झाला की हरवणारी नको.

इतके पर्याय आहेत. सुरुवात कुठून करायची?

उपकरणापासून नको. कागदावर एकच ओळ लिहा: ‘या प्रवेशात मला शरीराकडून कोणता आकडा हवा आहे?’ नर्तकी मंचावर कुठे उभी आहे, एवढंच हवं असेल तर ते दोन आकडे झाले. ती किती जोरात हलते आहे, हा एक आकडा. उजवं मनगट किती उंच आहे, हा आणखी एक. पूर्ण सांगाडा, म्हणजे वीस-तीस सांध्यांची जागा, फक्त पडद्यावर आभासी पात्र हलवायचं असेल तेव्हाच लागतो. बहुतेक प्रयोगांचं काम पहिल्या तीन आकड्यांत भागतं, आणि तरीही मंडळी सांगाड्याच्या मागे लागून निम्म्या तालमी सेन्सरच्या दुरुस्तीत घालवतात.

मग कोणत्या कामाला काय वापरायचं?

जागा आणि हालचालीचा जोर हवा असेल तर अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेरा किंवा जमिनीलगतचा लायडार (लेझरनं अंतर मोजणारं उपकरण). एकट्या कलाकाराचे हात-खांदे हवेत आणि तो पाच मीटरच्या आतच वावरणार असेल तर डेप्थ कॅमेरा, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बिंदूचं अंतरही मोजणारा. आभासी पात्राला जिवंत करायचं असेल तर सेन्सर सूट, म्हणजे हालचाल मोजणारे सेन्सर लावलेला पोशाख. काठी, छत्री, चौकट अशी एखादी वस्तू पकडायची असेल तर तिला लावायचा व्हाइव्ह ट्रॅकर (तो स्वतःची जागा टांगलेल्या बेस स्टेशनवरून ओळखतो): तिसऱ्या आवृत्तीचा एक ट्रॅकर ७५ ग्रॅमचा आहे, आणि दुसऱ्या पिढीची चार बेस स्टेशन लावली तर १० × १० मीटरपर्यंत जागा मिळते. बेस स्टेशन मात्र सबवूफरच्या जवळ किंवा हलणाऱ्या बारवर टांगू नका. ते थरथरलं की ट्रॅकरही थरथरतो.

काइनेक्ट (मायक्रोसॉफ्टचा डेप्थ कॅमेरा) अजून चालतो का?

चालतो, पण नवा मिळत नाही. दुसऱ्या पिढीचा काइनेक्ट ०.५ ते ४.५ मीटर अंतरात सहा माणसांचे प्रत्येकी २५ सांधे सेकंदाला ३० वेळा देतो. मायक्रोसॉफ्टनं त्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबवलं. नंतरच्या अझ्युअर काइनेक्टची (३२ सांधे) विक्री २०२३ मध्ये बंद झाली. त्याच डेप्थ तंत्रावरचा ऑर्बेक कंपनीचा फेम्टो बोल्ट आज त्या जागी वापरतात.

जुना संच हाती असेल तर तीन गोष्टी सांभाळा. एक, यूएसबी ३ ची साधी केबल तीनेक मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही. प्रेक्षागृहातल्या ऑपरेटरपर्यंत लांब केबल ओढू नका. कॅमेऱ्याजवळच विंगेत एक संगणक ठेवा आणि तिथून नेटवर्क केबलनं फक्त आकडे पाठवा. दोन, दुसऱ्या पिढीच्या काइनेक्टचं मूळ सॉफ्टवेअर एका संगणकावर एकच काइनेक्ट चालवू देतं. तीन, अझ्युअर जातीचे दोन-तीन कॅमेरे एकाच जागेकडे रोखले की एकमेकांच्या प्रकाशानं आंधळे होतात. त्यांना सिंक केबलनं जोडून प्रत्येकाला आधीच्यापेक्षा किमान १६० मायक्रोसेकंद उशिरा चालवावं लागतं.

कॅमेऱ्याचा पट्टा मंचावर चिकटपट्टीनं आखून द्या. ७० अंशांच्या कोनातून ४.५ मीटरवर साधारण ६.३ मीटर रुंदी दिसते, पण २ मीटरवर फक्त २.८. म्हणजे खेळाची जागा चौकोनी नसून पंख्यासारखी आहे, हे नृत्यदिग्दर्शकाला पहिल्या तालमीलाच कळलं पाहिजे.

साध्या वेबकॅमवर भागेल का?

तालमीच्या खोलीत उत्तम भागतं. मीडियापाइपसारखं मोफत साधन साध्या लॅपटॉपवर शरीराचे ३३ बिंदू देतं. प्रयोगात मात्र त्याला दोन गोष्टी मारतात: अंधार आणि तुमचंच प्रोजेक्शन. कलाकाराच्या अंगावर हलती चित्रं पडली की कॅमेऱ्याला शरीराची कड सापडत नाही. शिवाय बदललेल्या चित्रामुळे ट्रॅकिंग बदलतं, त्यानं चित्र आणखी बदलतं, आणि माइक स्पीकरसमोर आणल्यावर शिटी वाजावी तसा प्रकार होतो. उपाय एकच: प्रोजेक्टर ज्या प्रकाशात रंगवतो त्यात कॅमेऱ्यानं पाहूच नये. म्हणजे अवरक्त.

अवरक्त कॅमेऱ्याची व्यवस्था कशी उभारायची?

खर्चाच्या मानानं सर्वाधिक उपयोगी पर्याय हाच, म्हणून जरा विस्तारानं.

लागतं एवढं: अवरक्त-रोधक काच नसलेला कॅमेरा (सेकंदाला ६० फ्रेमचा कृष्णधवल औद्योगिक कॅमेरा सगळ्यात बरा), लेन्सपुढे फक्त अवरक्त जाऊ देणारा फिल्टर, आणि ८५० नॅनोमीटरचे दिवे. हे दिवे सीसीटीव्हीच्या दुकानात मिळतात. त्यांचा किंचित लाल ठिपका अंधारात दिसतो. तो खुपत असेल तर ९४० नॅनोमीटरचे घ्या, मात्र त्या तरंगलांबीला कॅमेऱ्याला बरंच मंद दिसतं, त्यामुळे दिवे वाढवावे लागतात.

मांडणी दोन प्रकारची. पहिली, कॅमेरा समोर आणि अवरक्त प्रकाश सायक्लोरामावर. कॅमेऱ्याला उजळ पडद्यापुढे काळी आकृती दिसते, पोशाख कोणताही असो. दुसरी, कॅमेरा वर बारवर, खाली तोंड करून. यात मंचावरची जागा थेट मिळते, पण एक हिशेब हमखास चुकतो. ६ मीटर उंचीवरून ८ मीटर रुंद जमीन दिसायला लेन्सचा कोन सुमारे ६७ अंश हवा. मात्र कॅमेऱ्याला वरून प्रथम दिसतं ते डोकं, आणि ते १.७ मीटर उंच असतं. मध्यापासून ३ मीटरवर उभ्या असलेल्या नर्तकीचं डोकं जमिनीच्या मोजपट्टीवर ४.२ मीटरला दिसतं. पायाखाली उमलायचं फूल मग एक मीटरहून जास्त बाहेर उमलतं. म्हणून मोजणी (कॅलिब्रेशन) जमिनीवर न करता डोक्याच्या उंचीवर करा: १.७ मीटरच्या काठीला वर पांढरा चेंडू लावा, मंचाच्या चार कोपऱ्यांत उभी करा आणि ते चार बिंदू सॉफ्टवेअरला द्या. कलाकार जमिनीवर लोळणार असेल त्या प्रवेशासाठी दुसरी मोजणी साठवून ठेवा.

एक सूचना: काळा रंग डोळ्यांना काळा दिसतो, अवरक्तात तो काळा असेलच असं नाही. काळ्या सिंथेटिक विंगा आणि झालरी कॅमेऱ्यात चक्क राखाडी-पांढऱ्या दिसतात. पार्श्वभूमी वजा करून आकृती शोधणार असाल तर त्या कापडाची आधी चाचणी घ्या.

ट्रॅकिंग तालमीत चाललं, दिवे लागताच गेलं. का?

नाट्यगृहात जुने हॅलोजन पार दिवे (PAR जातीचे स्टेज-दिवे) असतील. ते प्रकाशापेक्षा अवरक्तच जास्त ओकतात, आणि पुढे लावलेला निळा किंवा लाल जिलेटिनचा कागद ते अडवत नाही. म्हणजे मंच गर्द निळा दिसतो, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीनं भर दुपार असते. ट्रॅकिंग असलेल्या प्रवेशांत एलईडी पारच वापरा, हे प्रकाशयोजनाकाराला आधी सांगा. हॅलोजन टाळताच येत नसतील तर ते बाजूनं, खेळाच्या जागेपुरते मारा, कॅमेऱ्यासमोरच्या पडद्यावर पडू देऊ नका.

धुराचं म्हणाल तर पातळ, एकसारखं हेझ बहुतेक चालतं. ढगासारखा दाट धूर डेप्थ कॅमेरा आणि लायडार दोघांनाही भिंतीसारखा दिसतो.

लायडार म्हणजे नेमकं काय पकडतो?

एका सपाट पातळीत फिरणारा लेझर अंतर मोजतो. होकुयोचा यूएसटी-१०एलएक्स घ्या: २७० अंशांचा पट्टा, १० मीटर पल्ला, सेकंदाला ४० फेऱ्या, पाव-पाव अंशावर एक बिंदू. ८ मीटरवर दोन बिंदूंत साडेतीन सेंटिमीटर अंतर पडतं, म्हणजे घोटा सापडतो. जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटरवर ठेवला की पावलं मिळतात. पडद्यालगत उभ्या पातळीत लावला की पडद्याला हात कुठे लागला ते कळतं. अंधार आणि प्रोजेक्शन यांची त्याला फिकीर नाही. अडचण सावलीची: पुढच्या नर्तकीमागे दुसरी गेली की दिसत नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन लायडार लावा. आणि लांब घागरा असेल तर पावलांऐवजी घेरच मोजला जाईल, तो मुळातच हवा असेल तर प्रश्न नाही.

सेन्सर सूट कधी घ्यावा?

आभासी पात्र हवं असेल तेव्हा. कॅमेऱ्याची नजर लागत नाही, त्यामुळे अंधारात, खांबामागे, विंगेतूनही चालतो. २०१६ मध्ये स्ट्रॅटफर्डला रॉयल शेक्सपिअर कंपनीनं ‘द टेम्पेस्ट’मधला एरियल असाच उभा केला होता: नट एक्ससेन्सचा सूट घालून मंचावर आणि त्याचं आभासी रूप त्याच क्षणी प्रोजेक्शनमध्ये.

एक्ससेन्सच्या पूर्ण संचात १७ सेन्सर असतात. दुसऱ्या टोकाला सोनीचा मोकोपी: सहा सेन्सर, प्रत्येकी ८ ग्रॅम, डोकं, कंबर, दोन मनगटं, दोन घोटे, आणि फोनवरचं ॲप. त्यात कोपर आणि गुडघे मोजलेले नसतात, अंदाजानं भरलेले असतात. साध्या नृत्याला पुरतं, भरतनाट्यमच्या अडवूंना नाही.

सूटचे दोन दोष पक्के आहेत. पहिला, त्याला मंचावरची स्वतःची जागा माहीत नसते. कोणतं पाऊल टेकलं यावरून तो अंदाज बांधतो, त्यामुळे उड्या आणि घसरण्यात चूक साचत जाते आणि दहा मिनिटांत पात्र भलतीकडे उभं दिसतं. कंबरेला एक ट्रॅकर लावा किंवा जागेचे दोन आकडे लायडारकडून घ्या. सांधे सूटचे, जागा लायडारची, ही जोडी छान जमते.

दुसरा दोष दिशेचा. दिशा जायरोस्कोप मोजतो आणि चुंबकीय सेन्सर ती सुधारतो. लेव्हलखालच्या लोखंडी चौकटी, ट्रस, स्पीकरचे चुंबक यांनी तो भरकटतो. सूटची सुरुवातीची मोजणी लोखंडापासून दूर, लाकडी जमिनीवर करा. कथकच्या चक्करांत सूट कमी पडतो तो वेगापायी नाही: सेकंदाला दोन-तीन गिरक्या म्हणजे फार तर १,०८० अंश, आणि अशा सेन्सरची क्षमता सहसा २,००० पर्यंत असते. घोळ बेरजेत आहे. मापात १ टक्का चूक धरली तरी दहा गिरक्यांत, म्हणजे ३,६०० अंशांत, ३६ अंशांची फूट पडते. नर्तकी समेवर प्रेक्षकांसमोर आणि पात्र विंगेकडे तोंड करून! समेवरची ठरलेली मुद्रा येताच ऑपरेटरनं दिशा शून्यावर आणायची, असं एक बटण ठेवा.

मार्करवाली व्यवस्था (अंगावर छोटे चमकदार गोळे लावून ते कॅमेऱ्यांनी पकडायचे; उदा. व्हायकॉन, ऑप्टिट्रॅक) नाटकाला परवडते का?

अचूकतेत तिच्याइतकं कोणी नाही. पण किमान आठ-दहा कॅमेरे सगळीकडून टांगावे लागतात, खर्च लाखांच्या घरात जातो, आणि दौऱ्यावर प्रत्येक नाट्यगृहात नव्यानं मोजणी करावी लागते. एकाच जागी महिनाभर बसणाऱ्या निर्मितीला किंवा स्टुडिओतून थेट प्रसारित होणाऱ्या प्रयोगाला ती शोभते. संध्याकाळी एका गावी आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी, अशा दौऱ्याला नाही.

पोशाखाचं काय बघायचं?

जरीकाम, टिकल्या, आरसेकाम आणि चमकदार दागिने अवरक्त प्रकाश परत फेकतात. मार्कर व्यवस्थेला ते खोटे मार्कर वाटतात, डेप्थ कॅमेऱ्याला अंगात भोकं दिसतात. काष्ट्याच्या नऊवारीत दोन पाय वेगळे दिसतात, त्यामुळे गुडघे सापडतात. घेरदार घागऱ्यात कॅमेरा पायांच्या जागा मनानंच ठरवतो. खांद्यावरून सुटलेला पदर तिसरा हात ठरतो. रंगीत तालमीच्या किमान आठवडाभर आधी खऱ्या पोशाखात कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटं नाचवून बघा. वेशभूषाकाराला ऐन वेळी ‘जर काढा’ म्हणणं कुणालाच आवडत नाही.

उशीर किती चालतो? मोजायचा कसा?

फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण सुरू करा. कलाकाराचा हात आणि पडद्यावरचं त्याचं चित्र दोन्ही चौकटीत घ्या. हात झटक्यात वर न्यायला सांगा, आणि हात हलल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. २४ फ्रेम आल्या तर उशीर १०० मिलिसेकंदांचा. दहा वेळा मोजा, कारण सरासरीपेक्षा तिच्यातली चढउतार जास्त खटकते.

हा उशीर येतो कुठून? ३० फ्रेमचा कॅमेरा एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद घेतो, सांगाडा शोधायला २०-३०, चित्र रंगवायला १७, आणि प्रोजेक्टर स्वतःचे एक ते तीन फ्रेम खातो. कमी करण्याचा सोपा रस्ता शेवटच्या टोकाला आहे: प्रोजेक्टरमध्ये गेम मोड चालू करा, डिजिटल कीस्टोन (तिरपं पडलेलं चित्र सरळ करणारी सोय) आणि चित्र ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा. कीस्टोन लागू नये म्हणून प्रोजेक्टरच सरळ लावा.

१०० मिलिसेकंदांत, सेकंदाला २ मीटर वेगानं फिरणारा हात २० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून हाताच्या कडेला चिकटलेली रेघ नेहमी मागे पडलेली दिसते, आणि धूर, पाणी, धूळ, ओढणी यांसारखं मुळातच मागून येणारं दृश्य त्याच उशिरात सुंदर दिसतं. दृश्याची कल्पना ठरवतानाच हा आकडा हाताशी हवा. ध्वनीला मात्र इतकी सूट नाही. आघाताबरोबर आवाज हवा असेल तर ३० मिलिसेकंदांच्या आसपासच तालाला ओढ जाणवू लागते. तिथे कॅमेरा सोडा आणि घुंगरांच्या पट्टीवर किंवा फळीखाली पिएझो चकती (कंपनाचा विजेचा संकेत करणारी) चिकटवा. तो आघात काही मिलिसेकंदांत पोचतो.

आकडे थरथरतात. गुळगुळीत केले की मागे पडतात. मधला मार्ग?

वन युरो फिल्टर. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही साधी रीत आहे: हालचाल मंद असताना जास्त गुळगुळीत करते, वेग वाढला की मोकळं सोडते. तिला दोन बटणं. आधी बीटा शून्यावर आणि किमान कटऑफ १ हर्ट्झवर ठेवा. कलाकाराला हात स्थिर धरायला सांगा आणि थरथर जाईपर्यंत कटऑफ खाली आणा. मग वेगानं हात फिरवायला सांगा आणि ओढ जाईपर्यंत बीटा वाढवा. टचडिझायनरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती तयार मिळते.

आकडे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात कसे न्यायचे?

ओएससी (ओपन साउंड कंट्रोल) पद्धतीच्या संदेशांनी, नेटवर्कवरून. प्रकाशाच्या डेस्कला कलाकाराची जागा द्यायची असेल तर पोझिस्टेजनेट, म्हणजे मंचावरच्या जागांचे आकडे पाठवण्याची खास पद्धत. काहीच पोचत नसेल तर या क्रमानं बघा: दोन्ही संगणकांचे पत्ते हातानं ठरवून दिलेले आहेत का, पोर्टचा आकडा दोन्हीकडे सारखा आहे का, विंडोजची फायरवॉल अडवते का. दोष बहुतेक वेळा तिसऱ्यात निघतो. नवं नेटवर्क दिसलं की विंडोज त्याला ‘सार्वजनिक’ मानतं आणि बाहेरून येणारं सगळं थोपवतं.

प्रेक्षक आल्यावर सूटचा वायरलेस तुटतो. उपाय?

आठशे प्रेक्षक म्हणजे आठशे फोन. २.४ गिगाहर्ट्झवर जागाच उरत नाही. स्वतःचा राउटर आणा, ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ पैकी एक चॅनेल पक्का करा. मधल्या चॅनेलवर राउटरला रडारची चाहूल लागली की तो नियमानं स्वतःच जागा सोडतो, आणि तो नेमका तिसऱ्या घंटेनंतर सोडतो. राउटर ऑपरेटरच्या टेबलावर नको, विंगेत, कलाकाराच्या उंचीपेक्षा वर ठेवा. माणसाचं शरीर लहरी शोषतं. संगणक मात्र केबलनंच जोडा.

दोन-तीन कलाकार असतील तर कोण कोण आहे हे कसं ओळखायचं?

कॅमेरा आणि लायडार माणूस ओळखत नाहीत, फक्त ‘ठिपका क्रमांक’ देतात. दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या की क्रमांक अदलाबदल होऊ शकतात. त्यामुळे ‘दुर्गेमागे ज्वाळा, महिषासुरामागे धूर’ अशी वाटणी क्रमांकावर टाकू नका. डावीकडे असेल त्याच्यामागे हे, उजवीकडे ते, अशी जागेवर टाका आणि ओलांडण्याच्या क्षणी दोन्ही परिणाम विरघळवा. ओळख खरोखर हवीच असेल तर प्रत्येकाच्या अंगावर ट्रॅकर किंवा सूट, दुसरा इलाज नाही.

ऐन प्रयोगात ट्रॅकिंग गेलं तर?

जाणारच, असं धरून बांधा. ट्रॅकिंग हरवलं की बरीच सॉफ्टवेअर ०,० पाठवतात, आणि सगळी चित्रं डाव्या कोपऱ्यात उडी मारतात. प्रेक्षकांना बिघाड कळतो तो या उडीमुळे. म्हणून शून्य पुढे जाऊच देऊ नका: शेवटचा चांगला आकडा अर्धा सेकंद धरा, मग दोन सेकंदांत हळूच ठरलेल्या मधल्या जागी न्या. ऑपरेटरच्या हाताशी फेडरचं छोटं कंट्रोलर ठेवा. एका फेडरनं जागा हातानं चालवायची, दुसऱ्यानं ट्रॅकिंगऐवजी तालमीत नोंदवलेली हालचाल वाजवायची. हे फेडर चालवण्याची तालीमही कलाकारासोबतच करा.

नाट्यगृह प्रयोगाआधी चारच तास हातात मिळतं. काम कोणत्या क्रमानं करायचं?

कॅमेरा आणि लायडार सगळ्यात आधी टांगा, कारण एकदा बार दिव्यांनी भरले की जागा मिळत नाही. मग प्रोजेक्टर. मग प्रकाशाचं फोकसिंग, आणि मोजणी त्यानंतर, कारण शिडी फिरताना कुणीतरी कॅमेऱ्याला धक्का लावतोच. मोजणी झाल्यावर क्लॅम्पवर रंगीत चिकटपट्टी लावा: ती सरकलेली दिसली की पुन्हा मोजा. मोजणीला पाऊण तास, पोशाखातल्या चाचणीला अर्धा तास राखून ठेवा. विंडोजचे अपडेट आणि स्लीप बंद, यूएसबीची वीजबचत बंद. ही सेटिंगं प्रयोगाच्या दिवशी नव्हे, आदल्या रात्री बघायची. सूटच्या बॅटऱ्या पहिल्या घंटेला बदला, अर्ध्या भरलेल्या असल्या तरी. जुन्या बॅटऱ्या मध्यंतरासाठी चार्जरवर.